माहेरचं करडीचं तेल

करडीच्या तेलाचं मला कुणी शिकवू नका. त्या मोबाइलमधल्या बाया गोड गोड बोलून सांगतात ना, हृदयाला चांगलं, कातडीला चांगलं, केसाला चांगलं, ते मी त्या जन्मायच्या आधीपासून सांगून राहिले. आमच्या कुरुंद्याच्या गल्लीत कुणाचं काही दुखलं की पहिलं अनुसयाबाईचं दार वाजायचं, दवाखाना मागून. टाचा फुटल्या, या. गुडघा धरला, या. घरात बाळंतीण हाय, वाटी घेऊन या. मी डब्याचं झाकण काढायची, पळीनं तेल द्यायची अन् वरून दहा गोष्टी ऐकवायची. फुकटचं तेल पाहिजे असंल तर ऐकावंच लागंल की!

अन् खोटं काय सांगत होते? गरम ज्वारीची भाकर घ्या, वर लाल तिखट अन् मीठ टाका, मधी बोटानं खळगा करा अन् त्यात कच्चं करडीचं तेल. दुसरं कोरड्यास लागत न्हाई. थंडीत लेकराच्या अंगाला चोळा, कातडी उलत न्हाई. तुरीच्या डाळीला तेलाचा हात फिरवून ठेवा, किडा जवळ येत न्हाई. पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावा. पेंड म्हशीला घाला अन् दूध बघा. फक्त शिलाई मशीनीला घालू नका. वाळून चिकट होतं अन् मशीन बसते, ते मी माह्या मशीनीचं वाटोळं करून शिकलेलं हाय. मालकांच्या, म्हणजे विश्वंभरच्या बापाच्या, हृदयात नांदेडला स्प्रिंग बसवली तवा डॉक्टर म्हणले, करडीचं तेल चांगलं, पण एकूण तेलच कमी खा. ह्यातला मागचा भाग मी गल्लीत कधी सांगितला न्हाई.

पण माही ऐट नुसत्या तेलाची नव्हती. ते तेल माह्या माहेरचं होतं.

माहेर साखरा, सेनगाव तालुक्यातलं. भाऊ एकच, ग्यानबा, माह्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माय कामाला गेली की मीच त्याला कडेवर घेऊन फिरायची. आमचा बाप वारला तवा जमिनीचा हक्क सोडायच्या कागदावर सही करायला मला सेनगावच्या कचेरीत बोलावलं. मालक म्हणले, "तुहा वाटा हाय, सोडू नको." गल्लीतल्या बाया म्हणल्या, "आता कायदा हाय, घे." मी म्हणलं, वाटा घेतला की भाऊ तुटला. मला माती नको, मला माहेर पाहिजे. केली सही. ग्यानबा कचेरीच्या पायऱ्यांवर माह्या गळ्यात पडून रडला. "अक्का, मी जिवंत हाय तोवर दर पाडव्याला करडीचा डबा तुह्या दारात येईल."

अन् आला. दर गुढीपाडव्याला बराबर आला, पंधरा किलोचा. बाकीच्या बायांना माहेराहून साडी येते, वर्षभरात विटून जाते. माहं माहेर वर्षभर माह्या घरात तोंडी लागायचं. पाडव्याला मी तो डबा दिवसभर ओसरीतच ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. मिरवायची, व्हय, मिरवायची. लाज कशाची?

फुकटचं घेत होते असंही न्हाई. दर माघात मी करडी काढायला साखऱ्याला जायची. करडी म्हणजे नुसते काटे. ऊन चढलं की काटा कडक होतो, हात लावू देत न्हाई; म्हणून पहाटे दंव असतं तवाच कापायची. हाताला फडकी गुंडाळा, पायाला पोत्याचे तुकडे बांधा, तरी काटा शिरायचा तिथं शिरतोच. आताच्या मजुरांना सांगून बघा. सोयाबीनला येतील, हळदीला येतील, करडी म्हणलं की फोन बंद. मग ग्यानबाचा मला फोन यायचा, "अक्का, तू आलीस तरच ह्या साली करडी निघते बघ." की मी निघालेच! साठीला टेकलेली बाई, चार-पाच दिवस वाकून काटे कापायची अन् तळहात सुजवून परत यायची.

घरी आले की माही सून मोहिनी सुई घेऊन बसायची अन् एकेक काटा काढायची. एकदा म्हणली, "आत्या, एवढा जीव काहून काढता? दुकानात मिळतं ना करडीचं तेल."

मी म्हणलं, "तुला न्हाई कळायचं. तुह्या माहेराहून काय येतं? वांगी!"

हसली बिचारी. तिचा बाप प्रभू हट्ट्याला राहतो. दोन एकर रान अन् पाच-सहा शेरडं. खरंच वांगी यायची, पिशवी भरून. मी ती गल्लीत वाटून टाकायची, आमच्या घरी वांगी कुणी खात न्हाई असं म्हणून.

आता एक सांगते, जे मी गल्लीत सांगितलं न्हाई. करोना झाला तवा माहं नाक गेलं. जीव वाचला, पण वास गेला तो पुन्हा आलाच न्हाई. फोडणी जळली तरी धूर दिसल्यावर कळतं. तोंडाची चव बी अर्धी गेली. आता करडीच्या तेलाची पारख असते नाकानं, अन् गल्लीत पारख करणारी एकच, मी! सांगू कशी? मग मी झाकण काढायची, डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायची अन् म्हणायची, "वा! साखऱ्याचं रान उभं राहिलं बघा डोळ्यांपुढं." बाया माना डोलवायच्या. मला डोंबल वास येत होता! नवऱ्याला न्हाई सांगितलं, पोराला न्हाई. एका माणसाला सांगितलं, फोनवर, रडून रडून. ग्यानबाला.

गेल्या साली पौषात थंडी लई पडली. शेजारच्या जळबाची सून पुनम बाळंत झाली होती. जळबाची बायको संध्याकाळी वाटी घेऊन आली, मी वाटीभर तेल दिलं, लेकराला कसं चोळायचं ते सांगितलं, टाळूला किती जिरवायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलेलं, सगळ्या बाया घागरी घेऊन उभ्या, अन् ही बया तीच वाटी घेऊन आली.

"अनुसयाबाई, हे काय दिलं वं?"

तिनं वाटी माह्यापुढं पालथी केली. थेंब पडला न्हाई. आत पांढरट गोळा धरलेला, बोट लावलं तर खड्डा पडंल असा.

"करडीचं तेल कितीबी थंडी पडली तरी थिजत न्हाई, असं तुमीच सांगता ना? मग हे काय डालडा काढला का साखऱ्याच्या रानात?"

बाया हसल्या. एक हसली की सगळ्या हसतात, मेल्या. माह्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते पामतेल होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी घागर तिथंच सोडली अन् घरात आले. बघते तर मोहिनी डबा उचलून न्हाणीच्या चुलीपाशी ठेवून राहिली. अंघोळीच्या पाण्याला जाळ घातलेला, त्याच्या शेजारी डबा.

आता हे मी आधी बी पाहिलेलं. थंडीचे दिवस आले की रोज सकाळी ती डबा तिथं न्यायची अन् मी स्वयंपाकघरात यायच्या आत पुन्हा जागेवर ठेवायची. मला वाटायचं, झाडझूड करायला हलवत असंल. त्या दिवशी माह्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ती तेल पातळ करून राहिली! का? तर मला कळू नये म्हणून! म्हणजे तेल तिनंच बदललं. दिवाळीला हट्ट्याला गेली तवा केवढी मोठी पिशवी होती हातात!

"अगं भवाने," मी ओरडले, "माह्या माहेरचं तेल तुह्या बापाच्या घरी पोचवलंस अन् डब्यात पामतेल वतलंस व्हय?"

तिच्या हातातून डब्याचं झाकण पडलं. "आत्या, मी न्हाई. देवाशप्पथ मी न्हाई."

"मग हे चुलीपाशी काहून चालू हाय रोज?"

ती वाकून झाकण उचलायला लागली.

"बोल की! तू न्हाई तर कुणी केलं? माह्या भावानं?"

अंगणात तोवर सगळी गल्ली गोळा झाली होती. मोहिनीनं त्या बायांकडं बघितलं, मग माह्याकडं. काही बोलायला तोंड उघडलं अन् मिटलं. मी ते मिटलेलं तोंड कबुली म्हणून धरलं. अन् मग मला कोण आवरणार? नाही नाही ते बोलले. तिच्या बापाची शेरडं काढली, वांगी काढली, भिकारडे म्हणलं. चोर म्हणलं, एकदा न्हाई, दहादा. मालक खाटेवरून म्हणले, "अगं, जरा दमानं." मी त्यांना बी गप्प केलं.

माहा पोरगा विश्वंभर हळदीच्या कढईवर होता, शिजवायचे दिवस. जेवायला घरी आला, ऐकून घेतलं अन् खाली बघत म्हणला, "आई उगाच कशाला बोलंल?" एवढंच. बायकोला एका शब्दानं विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मोहिनी आमच्या वैष्णवीला, चार वर्षांच्या पोरीला, घेऊन हट्ट्याला गेली. जाताना माह्या पाया पडली. मी पाय मागं घेतले.

माघ आला. ग्यानबाचा फोन आला अन् मी साखऱ्याला गेले. गेल्या गेल्या जेवायला बसलो तवा मी सगळं रामायण सांगितलं. सून चोर निघाली, माह्या माहेरचं तेल पळवलं, मी हाकलून दिली. माही भावजय चतुराबाई भाकर वाढून राहिली होती. तिचा हात तसाच थांबला. ग्यानबा म्हणला, "सुनांचा भरवसा न्हाई राहिला, अक्का. असल्या बाईला पुन्हा घरात घेऊ नको."

त्यानं हे म्हणलं. माह्याकडं बघून म्हणलं, घास चावत चावत. मला किती बरं वाटलं होतं, माहा भाऊ माह्या बाजूनं बोलला म्हणून!

पाच दिवस पहाटे उठून करडी कापली. वाळली, बडवली, उफणली. एरवी मी इथूनच परत यायची अन् डबा पाडव्याला यायचा. ह्या खेपेला मी म्हणलं, "मी घाण्यावर येणार. माह्या डोळ्यांदेखत डबा भरून, झाकणाला पट्टी मारून नेणार. पुन्हा गल्लीत कुणाची बोलायची टाप न्हाई झाली पाहिजे."

ग्यानबा म्हणला, "कशाला तकलीफ घेते अक्का, मी पाठवतो की." चतुराबाई म्हणली, "वन्सं, उन्हाचं कशाला?" मी ऐकते व्हय! करडीची पोती टेम्पोत पडली की मी पुढं डायवरच्या शेजारी जाऊन बसले. ग्यानबा मोटरसायकलवर मागून आला.

सेनगावला लाकडी घाणा हाय, किसनसिंग नावाच्या माणसाचा. भला माणूस, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. घाणा फिरून राहिला, बारीक धारेनं तेल पडून राहिलं. सगळे म्हणत होते काय वास सुटला, काय वास सुटला. मी बी म्हणलं, वा!

किसनसिंग डबे मांडत म्हणला, "चार ना, बाई? दरसाल चारच भरतो ग्यानबारावांचे. संभाजीनगरचे."

मी म्हणलं, "पाच. पाचवा कुरुंद्याचा."

"कुरुंद्याचा?" त्यानं डोकं खाजवलं. "चार-पाच साल झाले, पाचवा डबा मी तर भरला न्हाई. एवढी करडी होतेच कुठं? चारी डबे संभाजीनगरला जातात, त्यांच्या इवायाकडं, पोराच्या सासऱ्याकडं. मीच गाडीत ठेवून देतो."

ग्यानबा बाहेर टेम्पोवाल्याचं भाडं देऊन आत येत होता. त्यानं ऐकलं अन् दारातच थांबला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. लहानपणी गूळ चोरून खाल्ला की तो असाच उभा राहायचा. मला पुढं काही विचारायची गरजच उरली न्हाई, तरी मी विचारलं.

"माह्या डब्यात काय भरत होतास रे?"

"अक्का, बाहेर बोलू."

"हितंच बोल. काय भरत होतास?"

"माह्या स्वप्निलचे सासरे मोठे कंत्राटदार," तो हळू आवाजात म्हणला. "पोराला त्यांनीच कामाला लावलं. त्यांना डॉक्टरनं करडीचं सांगितलं, घाण्यावरचं. मागितलं त्यांनी, न्हाई कसं म्हणू? रान सगळं सोयाबीनखाली, करडी होते अर्धा एकर. तुला डबा तर बराबर पोचत होता ना?"

"पामतेलाचा!"

मग तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरायची न्हाई. "तुला वासच येत न्हाई ना, अक्का. म्हणलं, तुला काय फरक पडतोय."

हातात पेंडीचा तुकडा होता, तो मी त्याच्या छातीवर फेकून मारला. मुडद्या म्हणलं, अजून काय काय म्हणलं. मी तुह्यासाठी काटे कापले, ते संभाजीनगरच्या कंत्राटदाराला? मी माह्या सुनेला चोर म्हणलं, तवा तू घास चावत काय म्हणलास? किसनसिंग बिचारा घाणा बंद करून बाहेर निघून गेला.

ग्यानबा खाली बसला अन् रडायला लागला. कचेरीच्या पायऱ्यांवर रडला होता तसाच, नाक ओढत. त्यानं चारातला एक डबा उचलून माह्यापुढं ठेवला. "हा घे. आता दरसाल खराच देतो, माह्या पोराची शप्पथ. पण कुठं बोलू नको अक्का. सख्ख्या बहिणीला फसवलं म्हणून सोयऱ्यात कळलं तर स्वप्निलचं काय होईल? अन् तुहं तरी काय राहील? लोक म्हणतील, अनुसयाला माहेरच न्हाई."

ह्या शेवटच्या बोलण्यानं मी खचले. जमीन सोडली ती कशासाठी? नवऱ्याचं ऐकलं न्हाई, गल्लीचं ऐकलं न्हाई, सगळ्यांना सांगत फिरले की बघा, भाऊ असावा तर असा. आता त्याच तोंडानं सांगायचं?

मी तो डबा घेतला. थुंकायचं सोडून घेतला. ह्याची लाज मला आज बी वाटते, पण घेतला हे खरं.

एसटीत डबा पायापाशी धरून बसले होते अन् औंढ्याच्या पुढं कुठंतरी माह्या डोक्यात उजेड पडला. मोहिनीचं नाक शाबूत. स्वयंपाक तिच्या हातचा. तिला पहिल्याच दिवशी कळलं असंल की हे करडीचं न्हाई. अन् थंडीत तेल थिजायला लागलं तवा ही पोरगी रोज सकाळी डबा चुलीपाशी नेऊन पातळ करून राहिली. स्वतःची चोरी झाकायला न्हाई, तर मला माह्या भावाचं कर्तृत्व दिसू नये म्हणून. बायांसमोर मी विचारलं, माह्या भावानं केलं का, तवा तिला नुसतं व्हय म्हणायचं होतं. एक शब्द. ती न्हाई बोलली. मी खिडकीकडं तोंड करून रडले. शेजारची बाई विचारत होती, मावशी, कुणी गेलं का? मी म्हणलं, न्हाई वं.

ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. गल्लीला सांगायचं, पोराला सांगायचं, मग हट्ट्याला जाऊन सुनेला आणायचं.

गल्लीच्या तोंडालाच जळबाची बायको उभी. "आला का वं माहेरचा डबा?"

"आला."

ती मागोमाग घरात आली. झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला. "व्हय, हे खरं हाय. म्हणजे सूनच निघाली की, अनुसयाबाई. मी त्या दिवशी तुमच्या भावाचं काहीबाही मनात आणलं होतं, खोटं कशाला बोलू."

हीच बोलायची वेळ होती. तोंडात शब्द आला होता. मी म्हणलं, "बस, चहा ठेवते."

असे आठ दिवस गेले. मग विश्वंभरच म्हणला, "आई, वैष्णवीला बघावं वाटतं. तू जाऊन घेऊन ये, तू बोलल्याशिवाय ते पाठवायचे न्हाईत." मी हट्ट्याची गाडी धरली. वाटंत घोकत गेले: पोरीनं केलं न्हाई, माहं चुकलं. पोरीनं केलं न्हाई, माहं चुकलं.

प्रभूच्या अंगणात दोन खाटा टाकलेल्या. त्याचे भाऊबंद बसलेले, तीन-चार माणसं. त्यानं मला पाणी दिलं, बाज झाडून बसवलं. साधा माणूस, आवाज कधी चढला न्हाई. समोर खाली बसला अन् म्हणला, "इहीनबाई, मी लेकीला अजून एकदा बी विचारलं न्हाई. काहून विचारू? माहं लेकरू मला माहीत हाय. ती जेवत न्हाई, बोलत न्हाई. तुमी माफी मागावी असं माहं म्हणणं न्हाई. मोठ्या हाय तुमी. ह्या चार माणसांसमोर नुसतं एवढं म्हणा की पोरीनं केलं न्हाई. मी आता तिला तुमच्या गाडीत बसवून देतो."

सगळे माह्याकडं बघून राहिले. केवढं सोपं करून दिलं होतं त्या माणसानं! घोकलेलं तर होतंच. पण मी तोंड उघडलं अन् मला पुढचा सवाल ऐकू आला: मग कुणी केलं? हट्टा काय अन् कुरुंदा काय, बाजाराच्या दिवशी गोष्ट पोचती. मग गल्ली. मग जळबाची बायको कमरेवर हात ठेवून हसणार. मग साखऱ्याचा रस्ता कायमचा बंद.

मोहिनी दारात येऊन उभी राहिली होती, वैष्णवी तिच्या पदराला धरून. किती वाळली होती पोरगी. ती माह्याकडं बघत होती, रागानं न्हाई, नुसती वाट बघत.

मी मान खाली घातली अन् म्हणलं, "झालं गेलं जाऊ द्या. मी माफ केलं तिला."

प्रभू म्हणला, "माफ? म्हणजे केलं म्हणता तुमी?"

मी वर बघितलं ते मोहिनीकडंच. अन् तिला कळलं. मी साखऱ्याला जाऊन आले, मला सगळं ठाऊक झालं, अन् तरी मी बोलत न्हाई, हे तिनं माह्या तोंडावर वाचलं. मी बघत होते, तिच्या डोळ्यांतलं ते वाट बघणं संपलं. ती दोन पावलं पुढं आली अन् बापाला म्हणली, "बाबा, तेल मीच बदललं. चुकलं माहं."

चुलत्यांनी एकमेकांकडं बघितलं. घरातून तिच्या आईचं रडणं ऐकू आलं. प्रभू लेकीकडं बघत राहिला, जशी ती कुण्या दुसऱ्याची पोरगी हाय. मग तो उठला, डोक्यावरची टोपी काढली अन् ती माह्या पायापाशी ठेवून हात जोडले.

"इहीनबाई, मी तुमाला चार माणसांत बसवून खालीवर बोललो. माहं लेकरू चुकलं. पदरात घ्या."

अजून बी वेळ होती. टोपी माह्या पायाला टेकलेली होती. मी म्हणलं, "घेतली."

मोहिनी घरी आली. काम करते, वाढते, आत्या म्हणते. मालकांच्या गोळ्या वेळेवर देते. गल्लीतल्या बाया तिच्यासमोर भांडीकुंडी मोजल्यासारखं करून हसतात, ती ऐकून घेते. मी त्यांना एकदा बी गप्प बसा म्हणलं न्हाई.

प्रभू आता आमच्या दारात येत न्हाई. वसमतच्या बाजारात कधी दिसतो. मला बघितलं की गर्दीत बाजूला होतो, टोपी काढतो अन् मान खाली घालून म्हणतो, "रामराम, इहीनबाई." मी बी रामराम म्हणते अन् पुढं जाते.